बीजातील पहिली भिंत



आजच्या व्याख्यानाचा विषय मी चालकांना कळविला तेव्हा तो असा होता: ‘वनस्पतींच्या गर्भावस्थेतील पेशीविभाजनाचे आनुवंशिक नियंत्रण’. उलट टपाली त्यांचे पत्र आले, की एवढे लांब नाव आमच्या फळ्यावर मावत नाही, आणि मावले तरी ते वाचून श्रोते येतील याची हमी देता येत नाही. म्हणून बाहेर आपण वाचलेत ते छोटे नाव आले. विषय मात्र तोच आहे. फसवणूक झाली असे कोणास वाटत असेल तर त्याने आताच उठावे. मी मुळीच रागावणार नाही.

कोणी उठत नाही असे दिसते. तेव्हा भुईमुगाच्या शेंगेपासूनच सुरुवात करू. येताना कोपऱ्यावरच्या गाडीवर मी भाजलेल्या शेंगा घेतल्या. दाण्यावरचे तांबूस साल चोळून काढले, की त्याच्या अलगद दोन फाकी होतात, आणि एका फाकीच्या टोकाशी पाखराच्या चोचीसारखा एक बारीक कोंब दिसतो. पुष्कळ जण तो कडवट म्हणून टाकून देतात. त्या चोचीच्या एका टोकास उद्याचे मूळ आहे, दुसऱ्या टोकास उद्याचा शेंडा. आणि ज्या दोन फाकी आपण खातो त्या त्याच्या दलिका, म्हणजे पहिली दोन पाने, शिदोरी भरून फुगलेली. साल सोडले तर सबंध दाणा हा एक गर्भच आहे. शेंगदाणे खाताना आपण गर्भ खातो असे म्हटले तर ऐकायला जरा कसेसेच वाटते, पण वस्तुस्थिती तीच आहे.

हा सारा संसार एका पेशीपासून उभा राहिला. परागातून आलेली नरपेशी आणि बीजांडातली अंडपेशी यांचा संयोग झाला, त्या एका पेशीच्या दोन झाल्या, दोहोंच्या चार. पण नुसती संख्या वाढत गेली तर ढीग होतो, रोप होत नाही. मूळ खाली, शेंडा वर, कातडी बाहेर, पाणी वाहणाऱ्या नळ्या आत, ही व्यवस्था कोणी लावली? पेशीने केव्हा विभागावे आणि कोणत्या दिशेने विभागावे हे कोण ठरविते? एवढे दोनच प्रश्न आज मी आपल्यापुढे मांडणार आहे.

प्राण्यांच्या गर्भात पेशी बिऱ्हाड हलवितात. इथली पेशी उठून तिकडे जाते, थर आत वळतात, चुकलेली जागा पुढे सुधारून घेता येते. वनस्पतीच्या पेशीला ती सोय नाही. तिच्याभोवती भिंत असते आणि ती भिंत शेजारणीच्या भिंतीला कायमची चिकटलेली असते. आपल्याकडे जुन्या वाड्यात भावाभावांच्या वाटण्या होतात तेव्हा मध्ये भिंत घालतात, तसेच हे. भिंत एकदा पडली की पडली. कोणाच्या वाट्याला रस्त्याकडची बाजू आली, कोणाच्या वाट्याला परसाकडची, हे त्या भिंतीने ठरते, आणि पुढच्या पिढ्या त्याचे बरेवाईट भोगतात. म्हणून वनस्पतीच्या बाबतीत ‘पेशी कशी विभागली’ याचा अर्थच ‘भिंत कोठे पडली’ असा आहे.

हे पाहण्याची हौस शास्त्रज्ञांना फार जुनी. हान्स्टाइन या जर्मन अभ्यासकाने १८७० साली मोहरीच्या कुळातल्या एका रानटी रोपट्याच्या गर्भात कोणती पेशी कोणापासून झाली याची वंशावळ लावली. आपल्या देशात दिल्ली विद्यापीठात पंचानन माहेश्वरी यांनी तर गर्भविज्ञानाची एक थोर परंपराच निर्माण केली. १९५० साली निघालेला त्यांचा सपुष्प वनस्पतींच्या गर्भविज्ञानावरील ग्रंथ जगभर पाठ्यपुस्तक म्हणून वाचला गेला. या मंडळींनी भिंती कोठे पडतात हे सांगितले. त्या तेथेच का पडतात, हे सांगण्यास जनुकांची विद्या यावी लागली.

त्या विद्येने ज्या रोपाला हाताशी धरले त्याचे नाव अरॅबिडॉप्सिस. हेही मोहरीच्याच कुळातले. वीतभर उंच, कोणाच्या उपयोगाचे नाही, गुरेसुद्धा त्याच्याकडे बघणार नाहीत. पण दीड-दोन महिन्यांत बीपासून बीपर्यंत पोचते, एका रोपाला हजारो बिया येतात आणि गुणसूत्रांच्या अवघ्या पाच जोड्या. लायबाख या शास्त्रज्ञाने १९४३ सालीच त्याची शिफारस केली होती. २००० साली त्याची सारी जनुकसंहिता वाचून झाली. त्याच्या गर्भातली पहिली विभाजने इतकी शिस्तीत होतात, की चौथी भिंत कोठे पडेल हे आधीच सांगता यावे. शिस्त असली म्हणजे बेशिस्त लगेच नजरेत भरते, हाच त्याचा मोठा गुण.

जर्मनीत गेर्ड युर्गेन्स आणि उल्रिके मायर यांनी सहकाऱ्यांसह नेमके तेच केले. बियांना रसायन लावून जनुकांत बिघाड घडवावयाचा, आणि पुढच्या पिढीत ज्या रोपांचा घाटच बिघडला आहे ती वेचून काढावयाची. १९९१ साली त्यांनी अशा बिघडलेल्या रोपांची यादी प्रसिद्ध केली. नावे ठेवताना त्यांनी विनोदबुद्धी बाजूस ठेवली नाही. एकाचे नाव ‘गुर्के’, म्हणजे काकडी. त्याला वरचा भागच नीट नव्हता. एकाचे ‘क्नोले’, म्हणजे कंद. एकाचे ‘फास’, म्हणजे पिंप. एक ‘ग्नोम’, म्हणजे बुटका. जनुक ओळखावयाचे ते त्याच्या अनुपस्थितीवरून. घरातली गृहिणी चार दिवस माहेरी गेली म्हणजे तिचे काम कोणते ते समजते, त्यातलाच प्रकार.

यांतल्या कंदाची हकीकत थोडक्यात सांगतो. प्राण्याची पेशी विभागताना कमरेत आवळली जाते. वनस्पतीची पेशी भिंतीत कोंडलेली, ती आवळणार कशी? ती मध्यभागी बारीक बारीक पुटकुळ्या आणून जमविते, त्या एकमेकींत मिसळून एक पडदा होतो आणि तो मधून कडांकडे वाढत जातो. गवंडी कोपऱ्यापासून भिंत धरतो, ही मधून धरते. पुटकुळ्या एकमेकींत मिसळविणारे प्रथिन क्नोले या जनुकाकडून येते, हे १९९६ साली कळले. ते विभाजनाच्या वेळीच तयार होते आणि भिंत पुरी झाली की मोडीत निघते. ते नसले तर भिंती अर्ध्यावर राहतात, एकेका पेशीत अनेक केंद्रके कोंडली जातात आणि गर्भाचा खरोखरच ओबडधोबड गड्डा होतो.

आता पहिली भिंत. संयोगानंतरची ती पहिली पेशी आधी लांबते आणि मग आडवी विभागते. पण मधोमध नव्हे. वर एक लहान पेशी, खाली एक मोठी. वरच्या लहान पेशीपासून जवळजवळ सारा गर्भ होतो. खालच्या मोठीपासून एक देठ होतो, सहा ते नऊ पेशींचा. तो गर्भाला अन्नरसात पुढे ढकलून धरतो आणि पुढे वाळून जातो. एकाच आईच्या दोन लेकी, एकीला सारा वंश आणि दुसरीला चाकरी! आणि चाकरी करणारीला गर्भ होण्याचे सामर्थ्य नसते असेही नाही. वरचा गर्भ बिघडला किंवा मेला, तर कित्येकदा त्या देठाच्या पेशी पुन्हा विभागू लागतात आणि स्वतः गर्भ होऊ पाहतात. वरची जिवंत असेपर्यंत मात्र ती खालचीला दाबून ठेवते.

या पहिल्या भिंतीमागे ‘योडा’ नावाचे एक जनुक आहे. ते नसले तर पहिली पेशी नीट लांबतच नाही आणि देठ होत नाही. ते बेसुमार चालू राहिले तर नुसता देठच होतो, गर्भ राहून जातो. मग या योडाला जागे कोण करते? २००९ साली याचा जो उलगडा झाला तो मला स्वतःला फार आवडतो. हे काम करणाऱ्या जनुकाचा संदेश परागात लिहिला जातो, नरपेशी तो बरोबर घेऊन अंडपेशीत शिरते, आणि तेथे गेल्यावरच त्याचे प्रथिन तयार होते, तेही थोडा वेळ. आईकडची त्या जनुकाची प्रत या कामी मुकी असते. म्हणजे बापाने निरोपाची चिठ्ठी खिशात घालून यावे आणि ती मुलाच्या घरातच उघडली जावी! चिठ्ठी नसेल तर देठ आखूड राहतो. ही योजना मोहरीच्या कुळापुरतीच आहे. दुसऱ्या कुळांत दुसऱ्या युक्त्या असणार.

वरच्या लहान पेशीकडे येऊ. ती उभी विभागते, पुन्हा उभी विभागते, मग आडवी. एकीच्या दोन, चार, आठ. आठ पेशींचा एक गोल लाडू. एक लाडू सुरीने आठ सारख्या फोडींत कापला असे समजा. आता प्रत्येक फोडीचे दोन तुकडे करावयाचे आहेत. आपण कसे कराल? कमीत कमी कापून, हे उघड आहे.

येथे मला साबणाच्या फुग्यांकडे वळावे लागते. रिठ्याच्या पाण्यात तारेची चौकट बुडवून काढली, की तिच्यावर पातळ पडदा ताणला जातो. हा पडदा नेहमी कमीत कमी जागा व्यापतो. तो कंजूष असतो. लेओ एरेरा या बेल्जियन वनस्पतिशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्याही मागे, १८८० नंतरच्या दशकात, असे सांगितले, की पेशीतली नवी भिंतही या पडद्यासारखीच पडते, म्हणजे पेशीचे दोन भाग करणाऱ्या साऱ्या संभाव्य भिंतींत जी लहानात लहान असेल ती. पुष्कळ ठिकाणी हा नियम लागू पडतो. वाटणीतही शहाणा माणूस विटा वाचवितोच.

पण अरॅबिडॉप्सिसच्या त्या आठ पेशी हा नियम मोडतात. त्या आखूड भिंत घालीत नाहीत. बाहेरच्या पृष्ठभागाशी समांतर अशी लांब भिंत घालतात. परिणाम काय होतो पाहा. आखूड भिंत घातली असती तर दोन्ही लेकींना थोडी थोडी रस्त्याकडची बाजू मिळाली असती. लांब भिंत घातल्यामुळे एकीला सारा रस्ता मिळतो, आणि दुसरी पूर्णपणे आतल्या खोल्यांत जाते. आठाच्या सोळा होतात: आठ बाहेर, आठ आत. बाहेरच्या आठ म्हणजे रोपाची त्वचा, आणि पुढे तिचीच प्रजा पानापानावर पसरते. आतल्या आठांपासून नळ्या आणि गर. रोपाला ‘आत’ आणि ‘बाहेर’ या दोन गोष्टी प्रथम येथे मिळाल्या, आणि त्या मिळाल्या त्या काटकसरीचा नियम मोडून.

नियम कोणी मोडविला? नेदरलंड्समधील वाखेनिंगेन येथे साइको योशिदा, डॉल्फ वाइयर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भातील पेशींचे घन आकार संगणकावर उभे केले, प्रत्येक पेशीत लहानात लहान भिंत कोणती पडली असती त्याचे गणित मांडले आणि प्रत्यक्षातली भिंत तिच्याशी ताडून पाहिली. मग त्यांनी गर्भ ऑक्झिनच्या बाबतीत बहिरा केला. ऑक्झिन हे वनस्पतींचे वाढीचे संप्रेरक. आपल्यापैकी ज्यांनी कलमाच्या काडीला मूळ फुटण्याची भुकटी लावली असेल त्यांच्या ते परिचयाचे आहे. बहिऱ्या केलेल्या गर्भातल्या पेशींनी निमूटपणे आखूड भिंती घातल्या! २०१४ साली हे प्रसिद्ध झाले. याचा अर्थ असा, की काटकसर हा पेशीचा मूळ स्वभाव आहे, आणि जनुके तिला योग्य वेळी खर्च करावयास लावतात.

हे बहिरेपण कसे येते तेही सांगण्यासारखे आहे. ‘मोनोप्टेरॉस’ नावाचे एक जनुक मुकादमाचे काम करते. त्याच्या हाताखाली इतर जनुके कामाला लागतात. त्याच्या तोंडाला ‘बोडेनलोस’ नावाचे कुलूप असते. ऑक्झिन आले की पेशी ते कुलूप मोडून टाकते आणि मुकादम बोलू लागतो. कुलूप असे बिघडले की ते मोडतच नाही, तर ऑक्झिन असून नसल्यासारखे. ‘बोडेनलोस’ म्हणजे बिनबुडाचा. अशा रोपाला मूळच येत नाही. नाव ठेवणाऱ्याने या वेळी थट्टा केलेली नाही. आणि हे ऑक्झिनसुद्धा वाटेल तसे पसरत नाही. प्रथम ते देठाकडून वर गर्भात चढते, आणि पेशी तीस-बत्तीस झाल्या की प्रवाह उलटतो, वरून खाली येऊ लागतो. जेथे ते खाली साठते तेथे देठाच्या सर्वांत वरच्या पेशीला गर्भात सामील करून घेतात आणि तिच्यापासून मुळाचे टोक सुरू होते. चाकरी करणाऱ्या त्या घराण्यातली एवढी एकच पेशी शेवटी वाड्यात येते.

आता एक आडकाठी. मी इतका वेळ भिंतींचे माहात्म्य गातो आहे, पण ‘पिंप’ नावाचे ते रोप माझ्या विरुद्ध साक्ष देण्यास उभे आहे. विभाजनाआधी पेशी आपल्या आतल्या कडेने सूक्ष्म नळ्यांचा एक पट्टा बांधते. गवंडी दोरी धरून चुन्याची रेघ मारतो तशी. हा पट्टा १९६६ साली गव्हाच्या रोपात प्रथम दिसला. जेथे पट्टा तेथे पुढे भिंत. पिंप या रोपात तो पट्टाच बांधला जात नाही. भिंती वाकड्यातिकड्या, तिरप्या, कशाही. मग रोपाचा चिखल व्हावयास हवा होता. तसे होत नाही! ते बुटके आणि जाड होते खरे, पण मूळ मुळाच्या जागी, दलिका वर, त्वचा बाहेर, नळ्या आत. १९९४-९५ मध्ये हे नीट दाखविले गेले, आणि ज्यांनी वंशावळी लावण्यात आयुष्य घालविले त्यांना ते पचविणे जड गेले असेल. आपल्या मक्याच्या गर्भातही पहिल्या विभाजनानंतर भिंतींत फारशी शिस्त नसते, तरी कणीस काही उलटे येत नाही.

याचा अर्थ माझ्या मते असा, की पेशी आपण कोणाची लेक यापेक्षा आपण कोठे राहतो आणि शेजारी काय बोलतात याकडे अधिक लक्ष देते. भिंतीची रेघ मारणारा गेला तरी शेजार शाबूत असतो. ऑक्झिन ऐकू येईनासे झाले की शेजारच तुटतो, आणि मग मूळ हरवते. भिंत ही त्या बोलण्याचा परिणाम आहे, कारण नव्हे. सर्वांना हे मान्य आहे असे मात्र समजू नका. २०१९ साली फ्रान्समधील काही अभ्यासकांनी असे मांडले, की पेशीचा आकार आणि तिचा मध्यबिंदू एवढ्यावरूनच या आरंभीच्या भिंतींचा पुष्कळसा हिशेब लागतो. भूमिती किती आणि जनुके किती, हा वाद अजून कोर्टात आहे.

दिशेचे झाले. ‘केव्हा’ हा प्रश्न राहिला. विभाजनाचे यंत्र यीस्टपासून माणसापर्यंत बहुतांशी सारखेच आहे. त्याच्या शोधाबद्दल हार्टवेल, हंट आणि नर्स यांना २००१ साली नोबेल पारितोषिक मिळाले. ते यंत्र अंडपेशीतही असते. पण ती विभागत नाही, बसून राहते. संयोग झाला की मगच चालू होते. किल्ली कोणाकडे?

हा प्रश्न मला शास्त्राच्या आधी घरी भेटला. ज्वारीचे आपल्या देशातले पहिले संकरित वाण, सी. एस. एच. १, १९६४ साली आले. पुढे दोन-तीन वर्षांनी माझ्या वडिलांनी ते पेरले. पीक असे आले की शेजारचे लोक बांधावर उभे राहून पाहात. वडिलांनी आजोबांच्या रीतीप्रमाणे त्यातली निवडक कणसे बियाण्यासाठी राखली, राखेत घालून ठेवली, आणि पुढच्या वर्षी पेरली. शेत उगवले ते पंक्तीत निरनिराळ्या गावचे लोक बसावेत तसे: काही ताटे उंच, काही खुरटी, काही कणसांत दाणा धड भरलेला नाही. ‘याच कणसांचे बी, मग हे त्यांच्यासारखे का नाही?’ असे त्यांनी मला विचारले. मी नववीत होतो. मला उत्तर येत नव्हते. उत्तर असे, की अंडपेशी आणि नरपेशी तयार होतानाच पत्ते पिसले जातात. संकरातली नेमकी जुळणी मोडते. म्हणून संकरित बी दर वर्षी विकत घ्यावे लागते. पिसणेही टळले आणि बापाची वाट न पाहता अंडपेशी विभागली, तर मात्र बी आईची हुबेहूब प्रत होईल.

किल्ली भाताच्या रोपात सापडली. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील शाखेत इम्तियाझ खांडे, वेंकटेशन सुंदरेशन आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली असे दाखविले, की ‘बेबी बूम’ वर्गातले एक जनुक संयोगानंतर प्रथम बापाकडच्या प्रतीतून बोलू लागते. गर्भाला आरंभ करण्याची सूचना येथेही बापाकडूनच! मग त्यांनी तेच जनुक अंडपेशीतच बोलते केले. अंडपेशी नरपेशीवाचून विभागली आणि गर्भ झाला. पत्ते पिसणे थांबविण्यासाठी तीन जनुके बंद करण्याची युक्ती २००९ सालापासून ठाऊक होतीच. दोन्ही एकत्र आणली, आणि आईसारखीच रोपे देणारे बी मिळाले. सगळे नव्हे, काही हिश्शाने. २०२२ साली संकरित भातात हे प्रमाण शेकडा ९५ च्या वर गेले. मी आज हे सांगितले म्हणून उद्या बियाण्याच्या दुकानात विचारू नका. दुकानदार माझ्या नावाने खडे फोडेल. शिवाय असे बी आले तर त्यावर मालकी कोणाची, शेतकऱ्याला ते राखू देतील काय, हे जनुकांनी ठरावयाचे नाही.

मौज अशी, की ही करामत एक झाड फार पूर्वीपासून करीत आले आहे आणि आपल्या विदर्भातल्या बागाईतदारांना ते ठाऊक आहे. नागपुरी संत्र्याचे डोळे ज्या जंभेरीच्या खुंटावर भरतात, त्या जंभेरीचे एक बी पेरले तर पुष्कळदा दोन-तीन रोपे येतात. त्यांतले एक फार तर खऱ्या संयोगाचे. बाकीची बीजांडातल्या आईच्याच पेशी आपण होऊन विभागून झालेली, म्हणून आईसारखीच. लिंबाच्या कुळात हा गुण कशामुळे आला याचा धागा चीनमधील शास्त्रज्ञांना २०१७ साली लागला: एका जनुकाच्या दाराशी जनुकद्रव्याचा एक भटका तुकडा येऊन बसला आहे, आणि त्यामुळे ते जनुक बीजांडात जोरात बोलू लागते. खुंट सारखे हवेत म्हणून रोपवाटिकेतला माळी वाफ्यातून फिरतो आणि जी रोपे इतरांहून वेगळी दिसतात, खुरटी किंवा निराळ्या पानांची, ती उपटून बांधावर टाकतो. ज्यांना बाप होता ती बहुधा तीच.